गुलामांचा कैवारी आणि कायद्याची हद्द



नांदेड-लातूरकडे ज्यांचे गाव आहे आणि नोकरीधंद्याच्या निमित्ताने जे शहरात येऊन स्थायिक झाले आहेत, त्यांना गुढीपाडव्याचा एक व्यवहार निदान ऐकून तरी ठाऊक असेल. दारी गुढी उभी राहते, कडुलिंबाचा प्रसाद वाटला जातो, आणि त्याच दिवशी शेतकरी व सालगडी यांच्यात पुढल्या वर्षाची बोली होते. रोख किती, ज्वारी किती, कपडालत्ता काय, हे ठरते. ठरलेल्या रकमेपैकी काही भाग गडी आगाऊ उचलतो; त्या रकमेला नावच उचल असे पडले आहे. आता सालगडी मिळणे अवघड झाले आहे आणि बोलीत त्याचाही शब्द चालतो. परंतु जुन्या काळी घरात लग्न निघाले, दुखणे आले किंवा पाऊस चुकला, की उचल वाढे. साल फिटे, पण उचल फिटत नसे. आणि मग दुसरे साल, तिसरे साल असे करीत माणसाचे आयुष्य एकाच वाड्याच्या गोठ्यात सरून जाई. त्याला कोणी विकत घेतलेले नसे, त्याच्या पायांत बेडी नसे. तरीही तो मोकळा होता काय, हा प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही.

हा प्रश्न आजच्या भाषणात मी एका परदेशी माणसाच्या चरित्राच्या आधाराने विचारणार आहे. हा मनुष्य नांदेड किंवा लातूर येथे कधी आला नाही. तथापि गुलामगिरीविरुद्ध बोलण्यासाठी तो तीन वेळा अमेरिकेस गेला, हिंदुस्थानात आला, आणि लंडनमध्ये साताऱ्याच्या छत्रपतींची बाजू वर्षानुवर्षे मांडीत राहिला. त्याचे नाव जॉर्ज थॉमसन. ज्या रंगो बापूजींचे नाव महाराष्ट्र अभिमानाने घेतो, त्यांच्या लंडनमधील खटपटीत या इंग्रज वक्त्याचे साहाय्य फार मोलाचे होते. असे असूनही मराठी वाचकाला त्याचा परिचय अगदी थोडा आहे.

थॉमसनचा जन्म १८०४ साली लिव्हरपूल येथे झाला. शाळेचे रीतसर शिक्षण त्याला मिळाले नाही. जे शिकला ते स्वतःच्या वाचनावर. परंतु वाणी अशी लाभली होती, की १८३१ साली लंडनमधील गुलामगिरीविरोधी मंडळाने त्याला व्याख्याता म्हणून नेमले, आणि दोन वर्षांत इंग्लंड-स्कॉटलंडमधील मोठमोठ्या सभा त्याच्या नावावर भरू लागल्या. १८३३ साली ब्रिटिश पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. १ ऑगस्ट १८३४ पासून तो अमलात आला आणि वेस्ट इंडीज बेटे, दक्षिण आफ्रिकेतील केप प्रांत, मॉरिशस इत्यादी वसाहतींतील सुमारे आठ लक्ष माणसे कायद्याने गुलाम राहिली नाहीत.

या कायद्याची कीर्ती सर्वांस ठाऊक आहे. त्याच्या दोन कलमांकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. पहिले भरपाईसंबंधीचे. दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर झाली ती मालकांना, त्यांची मालमत्ता गेली म्हणून. ज्यांचे आयुष्य गेले होते त्यांना एक पैही मिळाली नाही. उलट शिकाऊ उमेदवारीच्या नावाखाली १८३८ पर्यंत जुन्याच मालकाकडे राबावे लागले. त्या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा अंश ब्रिटिश करदात्यांनी २०१५ साली फेडला. दुसरे कलम हद्दीसंबंधीचे. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील मुलूख, सिंहलद्वीप आणि सेंट हेलेना बेट यांना या कायद्यातून वगळले होते. म्हणजे माणूस हा माणसाची मालमत्ता होऊ शकत नाही, हे तत्त्व पार्लमेंटने मान्य केले खरे. पण ते कोठपर्यंत लागू, याची रेघही त्याच कागदावर ओढून ठेवली, आणि आपला देश त्या रेघेच्या पलीकडे राहिला.

थॉमसनच्या पुढील आयुष्याचा अर्थ या रेघेवरून लागतो. कायदा झाल्यावर त्याचे बरेच सहकारी कृतार्थ होऊन घरी बसले. हा मात्र १८३४ साली अमेरिकेस निघाला. विल्यम लॉईड गॅरिसन या अमेरिकन संपादकाने त्याला बोलावले होते. अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी बव्हंशी संपलेली होती. परंतु दक्षिणेतील गुलामांनी पिकविलेल्या कापसावर उत्तरेतील व्यापारी, पेढीवाले आणि गिरणीमालक गबर होत होते. एका परक्या इंग्रजाने येऊन आपल्याला नीती शिकवावी, हे त्यांना सोसवेना. सुमारे वर्षभराच्या मुक्कामात थॉमसनच्या प्रयत्नाने गुलामगिरीविरोधी मंडळाच्या दीडशेच्या आसपास शाखा निघाल्या, आणि तितक्याच प्रमाणात त्याच्यावर दगड व शिव्या यांचा वर्षाव झाला. २१ ऑक्टोबर १८३५ रोजी बोस्टन शहरात स्त्रियांच्या गुलामगिरीविरोधी मंडळाची सभा होती. तेथे थॉमसन येणार या समजुतीने मोठा जमाव चालून गेला. तो तेथे नव्हता. जमावाच्या हाती गॅरिसन लागला. त्याला दोरीने बांधून रस्त्यातून ओढीत नेले, आणि अखेर त्याचा जीव वाचावा म्हणून नगराध्यक्षाने त्याला तुरुंगात ठेवले. यानंतर थोड्याच दिवसांत थॉमसनला गुप्तपणे जहाजात बसून अमेरिका सोडावी लागली.

तो परत आला तो एक विचार घेऊन, आणि येथून त्याची कथा आपल्या काळ्या मातीकडे वळते. अमेरिकेतील गुलामगिरी उपदेशाने जाईल, हा त्याचा भ्रम आता उरला नव्हता. ती कापसावर उभी होती, आणि तो कापूस घेणाऱ्या गिरण्या मँचेस्टरला होत्या. मग गुलामाच्या हातचा कापूस न घेता हिंदुस्थानातील रयतेचा कापूस घेतला, तर गुलामगिरीचा पायाच ढासळणार नाही काय? १८३९ साली लंडनमध्ये ब्रिटिश इंडिया सोसायटी स्थापन झाली ती पुष्कळशी याच विचारावर, आणि त्याच वर्षी थॉमसनने मँचेस्टर येथे हिंदुस्थानासंबंधी सहा व्याख्याने दिली. त्यांत त्याने केवळ कापसाचा भाव सांगितला नाही. कंपनीचा जमीनमहसूल रयतेच्या घरात दाणा उरू देत नाही, १८३७-३८ च्या दुष्काळात उत्तर हिंदुस्थानात माणसे लाखांनी मेली, आणि रयत सुखी झाल्यावाचून तिचा कापूस पिकणार नाही, हे त्याने गिरणीवाल्यांना त्यांच्याच गावी जाऊन ऐकविले.

विचार उदात्त होता. परंतु त्यात एक गृहीत धरलेली गोष्ट होती. हिंदुस्थानातील कापूस मोकळ्या माणसाने पिकविलेला असतो, असे त्याने मानले. गोदावरीच्या काठी ज्या गावरानी कापसाने पुढे नाव मिळविले, त्या कापसाच्या शेतात सालाने बांधलेला गडी राबत होता की नाही, हे मँचेस्टरच्या श्रोत्यांना कोण सांगणार? दूरच्या देशातील दुःख दूर करण्यास निघालेल्या माणसाला तिसऱ्या देशातील दुःख पुष्कळदा दिसत नाही. हा दोष थॉमसनचा एकट्याचा नाही. परंतु तो सांगितल्यावाचून त्याचे चित्र खरे होणार नाही.

याच १८३९ साली महाराष्ट्रात एक घटना घडली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी साताऱ्यास छत्रपती प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसविले होते, आणि १८१९ च्या तहाने त्यांचे राज्य मान्य केले होते. महाराज विद्येचे भोक्ते आणि कारभारात दक्ष होते. मात्र तहातील आपला हक्क अक्षरशः पाळला जावा, असा त्यांचा आग्रह असे. हा आग्रह मुंबई सरकारला जड झाला. गोव्याच्या पोर्तुगीजांशी आणि नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधल्याचे, तसेच कंपनीचे शिपाई फितविण्याचा प्रयत्न केल्याचे आरोप त्यांच्यावर ठेवण्यात आले. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्यास आले आणि त्यांनी एक कागद पुढे केला. त्यावर सही करून दोष कबूल करा, म्हणजे गादी राहील, अशी ती अट होती. महाराजांनी चौकशी मागितली आणि सही नाकारली. सप्टेंबर १८३९ मध्ये त्यांना गादीवरून दूर करून काशीस रवाना करण्यात आले, आणि त्यांचे बंधू आप्पासाहेब यांना गादीवर बसविण्यात आले.

महाराजांचे वकील म्हणून रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले. परका देश, परकी भाषा, बोचरी थंडी, आणि धन्याकडून येणारा पैसा अनिश्चित. अशा स्थितीत त्यांनी सुमारे चौदा वर्षे लंडनमध्ये काढली. लेडनहॉल रस्त्यावरील कंपनीच्या कचेरीत भागधारकांची सभा भरत असे. तेथे बोलण्याचा हक्क भागधारकालाच असल्यामुळे ज्याच्या राज्याचा निकाल लागायचा, त्याच्या वकिलाला तेथे तोंड उघडता येत नसे. त्या सभेत जे थोडे लोक महाराजांच्या बाजूने उभे राहिले, त्यांत जनरल जॉन ब्रिग्ज, पार्लमेंटचे सभासद जोसेफ ह्यूम आणि जॉर्ज थॉमसन हे प्रमुख होते. थॉमसनने हे प्रकरण सभेपुढे एकदाच नव्हे, तर वर्षानुवर्षे पुनःपुन्हा आणले. प्रत्येक वेळी बहुमत विरुद्ध गेले, आणि प्रत्येक वेळी तो पुन्हा उभा राहिला.

येथे कोणी विचारील, की गुलामांच्या कैवाऱ्याने राजाची वकिली करावी, यात संगती कोणती? गुलामाजवळ स्वतःचे शरीरही नसते. राजाजवळ राज्य होते, खजिना होता, आणि त्याच्या राज्यातही वेठीला धरलेली माणसे होतीच. हा आक्षेप पोकळ नाही. तथापि थॉमसन जे मागत होता ते बारकाईने पाहिले, तर संगती सापडते. महाराजांना गादी परत द्या, ही मागणी नंतरची होती; त्यांच्यावरील आरोप त्यांना उघडपणे कळवा, पुरावा दाखवा आणि त्यांचे म्हणणे ऐकून घ्या, ही पहिली होती. एखाद्याचे म्हणणे न ऐकता त्याच्या आयुष्याचा निर्णय करणे, हेच तर गुलामगिरीचे मर्म आहे. मालक गुलामाला विचारीत नाही, सावकार उचल घेतलेल्या गड्याला विचारीत नाही, आणि कंपनीने छत्रपतींनाही विचारले नाही. या तीन माणसांच्या सुखदुःखात अंतर अफाट आहे. परंतु ज्या हक्काला ते मुकले तो एकच आहे.

१८४२ च्या अखेरीस बंगालचे प्रसिद्ध व्यापारी द्वारकानाथ टागोर विलायतेहून परत निघाले, तेव्हा थॉमसन त्यांच्याबरोबर हिंदुस्थानास आला. तो कलकत्त्यास पोहोचला. तेथील तरुण सुशिक्षितांपुढे त्याची व्याख्याने झाली, आणि त्यातूनच २० एप्रिल १८४३ रोजी बेंगॉल ब्रिटिश इंडिया सोसायटी ही संस्था निघाली. जातीधर्माचा भेद न मानता रयतेची स्थिती पाहावी आणि तिच्या हक्कांसाठी सनदशीर मार्गाने झटावे, हा तिचा हेतू होता. पुढे तो दिल्लीस गेला, आणि बहादूरशहा बादशहाने त्याला आपला वकील म्हणून नेमले. पदच्युत छत्रपती आणि नामधारी बादशहा, दोघांनीही आपले गाऱ्हाणे एकाच इंग्रजाच्या हाती द्यावे, यावरून त्या काळी हिंदी माणसाला न्यायाचा दरवाजा किती दूर होता, हे दिसते.

थॉमसन कलकत्त्यात असतानाच, ७ एप्रिल १८४३ रोजी, गव्हर्नर जनरल लॉर्ड एलेनबरो यांच्या कारकिर्दीत तेथे एक छोटासा कायदा मंजूर झाला. त्या वर्षाचा तो पाचवा कायदा. कायदे आयोगाने त्याआधीच आपला अहवाल दिला होता, त्यामुळे याचे श्रेय थॉमसनच्या व्याख्यानांना देता येणार नाही. परंतु १८३३ साली वगळलेल्या मुलुखाकडे सरकारला वळावे लागले, ते त्याच्यासारख्या माणसांनी दहा वर्षे चालविलेल्या ओरड्यामुळेच. या कायद्यात चारच कलमे होती. हुकूमनाम्याच्या किंवा सरकारी देण्याच्या वसुलीसाठी कोणाही माणसाची गुलाम म्हणून विक्री होणार नाही. गुलाम हा आपली मालमत्ता आहे हा दावा कोर्ट मानणार नाही. गुलामाने मिळविलेले धन तो गुलाम आहे या सबबीवर हिरावले जाणार नाही. आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध केला असता जो गुन्हा ठरतो, तो गुलाम म्हणविणाऱ्याविरुद्ध केला तरी गुन्हाच ठरेल. गुलाम बाळगणे हा अपराध ठरविला नव्हता. कोर्टाने फक्त मालकाच्या पाठीवरचा आपला हात काढून घेतला. गुलामांची खरेदी-विक्री शिक्षेस पात्र ठरली ती १८६० च्या दंडविधानाने.

आणि या कायद्यालाही हद्द होती. कंपनी सरकारचा अंमल जेथे संपे तेथे हा कायदाही संपे. नांदेड आणि लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सोलापूरच्या बाजूने येणारी रेघ बालाघाटाच्या पायथ्याशी येऊन थांबली. ही रेघ माणसांच्या सोयीने कधीच हलली नाही. हलली ती हिशेबाच्या सोयीने. कंपनीच्या अधिकाऱ्यांखालील फौजेचा खर्च निजामाच्या अंगावर चढत गेला, आणि त्या देण्यापोटी १८५३ च्या तहाने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि लातूरच्या शेजारचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या कारभाराखाली गेला. मेडोज टेलर हा ग्रंथकार-अधिकारी नळदुर्गाचा कारभार पाहू लागला. सत्तावन सालच्या उठावात निजामाने इंग्रजांस साथ दिली, म्हणून १८६० साली पन्नास लाखांचे देणे माफ करून नळदुर्ग आणि रायचूर परत देण्यात आले. उचलीपायी गडी गहाण पडतो. येथे देण्यापायी गावेच्या गावे गहाण पडली आणि सात वर्षांनी सुटली. त्या गावांतील माणसाला जाताना कोणी विचारले नाही, आणि येतानाही विचारले नाही.

आता पुन्हा लंडनकडे वळू. १८४५ साली फ्रेडरिक डग्लस नावाचा एक कृष्णवर्णी तरुण विलायतेत आला. तो मेरीलँडमधील पळून आलेला गुलाम होता. त्याने आपले आत्मचरित्र छापले होते, आणि त्यामुळेच मालक त्याला पकडील अशी भीती होती. १८४६ साली लंडन आणि एडिंबरो येथील सभांत तो व थॉमसन एकाच व्यासपीठावरून बोलले. त्याच वर्षी इंग्लंडमधील मित्रांनी दीडशे पौंड जमवून मालकाकडून त्याची रीतसर सुटका विकत घेतली. माणूस आपलाच असून तो विकत घ्यावा लागतो, याबद्दल काही सहकाऱ्यांनी नाराजी दर्शविली. परंतु त्या कागदाच्या बळावरच डग्लस मायदेशी परत जाऊ शकला. त्याच लंडनमध्ये त्याच दिवसांत आमचे रंगो बापूजी अर्जांवर अर्ज लिहीत होते. दोघेही परक्या राजधानीत आपले म्हणणे ऐकून घेणाऱ्याच्या शोधात होते, आणि दोघांच्याही बाजूने थॉमसन बोलत होता.

डग्लसला स्वातंत्र्य मिळाले. रंगो बापूजींच्या पदरी निराशाच पडली. ऑक्टोबर १८४७ मध्ये प्रतापसिंह महाराज काशी येथे निवर्तले. १८४८ साली आप्पासाहेबही वारले, आणि औरस वारस नाही या सबबीवर डलहौसीने साताऱ्याचे राज्य खालसा केले. थॉमसन १८४७ ते १८५२ या काळात पार्लमेंटचा सभासद होता. तरी त्यामुळेही निकाल बदलला नाही. १८५३ च्या अखेरीस रंगो बापूजी रिकाम्या हाताने परत फिरले. १८५७ साली साताऱ्यात उठावाची तयारी उघडकीस आली. त्यांचा पुत्र सीताराम आणि इतर सोळा जण यांना देहान्ताची शिक्षा झाली. रंगो बापूजी निसटले, आणि पुढे सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत. चौदा वर्षे अर्ज करणारा मनुष्य अखेर या मार्गाला का लागला, याचे उत्तर लेडनहॉल रस्त्यावरील त्या सभांच्या कामकाजात आहे.

थॉमसन तिसऱ्यांदा अमेरिकेस गेला तो १८६४ साली. यादवी युद्ध जोरात होते. ज्याला २९ वर्षांपूर्वी रात्री लपून पळावे लागले, त्याचे भाषण ६ एप्रिल १८६४ रोजी वॉशिंग्टन येथे प्रतिनिधिगृहात झाले, आणि श्रोत्यांत अध्यक्ष लिंकन होते. १४ एप्रिल १८६५ रोजी सम्टर किल्ल्यावर पुन्हा निशाण चढले, तेव्हा गॅरिसनबरोबर थॉमसनही हजर होता. त्याच रात्री लिंकनवर गोळी झाडली गेली. वर्ष संपण्यापूर्वी तेथील घटनेत तेरावी दुरुस्ती होऊन गुलामगिरी नष्ट झाली. थॉमसन १८७८ साली वारला.

कापसासंबंधी त्याने जे स्वप्न पाहिले होते, ते उपदेशाने नव्हे, तर युद्धाने काही काळ खरे ठरले. अमेरिकेचा कापूस बंद पडताच वऱ्हाड-दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. चार वर्षांनी युद्ध थांबले, भाव कोसळला, आणि तेजीच्या काळात सहज मिळालेले कर्ज शेतकऱ्याच्या मानेवर राहिले. १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, त्यामागे अन्य कारणांबरोबर हेही एक होते. अमेरिकेतील बेडी तुटली. तिची कडी येथील खतपत्रात अडकली.

या साऱ्याचा खरा अर्थ महाराष्ट्रात प्रथम कोणी ओळखला असेल, तर जोतीराव फुले यांनी. १८७३ साली त्यांनी गुलामगिरी हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अर्पण केला अमेरिकेतील सदाचारी लोकांना, ज्यांनी निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी त्याग केला म्हणून. थॉमसनने अमेरिकेतील गुलामाकडे पाहून हिंदुस्थानची रयत मोकळी मानली होती. जोतीरावांनी त्याच गुलामाकडे पाहून आपल्या दारातील शूद्रातिशूद्र ओळखला. परदेशाकडे पाहण्याचा हाच खरा उपयोग.

हाच मार्ग डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चोखाळला. १९१३ ते १९१६ या काळात ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि नंतर लंडनला. चतकोर वतनाच्या मोबदल्यात अहोरात्र राबविणारी महार वतनाची पद्धत बदलण्यासाठी त्यांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात बिल आणले. १९४१ च्या फेब्रुवारीत धाराशिवकडील कसबे तडवळे येथे त्यांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद भरली. १९४६ साली त्यांनी अमेरिकेतील निग्रो नेते डू बॉईस यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत पाठवा, अशी विनंती केली, आणि डू बॉईस यांनी आदराने उत्तर दिले. शंभर वर्षांपूर्वी आपल्या वतीने बोलण्यासाठी इंग्रज वक्ता शोधावा लागत होता. आता गाऱ्हाणे असलेले दोन समाज मध्यस्थावाचून परस्परांशी बोलू लागले होते.

निजामाच्या राज्यात मात्र गाऱ्हाणे सांगण्यासाठी सभा भरविणे हेच कठीण होते. गश्ती निशाण ५३ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या हुकमामुळे सभेला सरकारची परवानगी लागे. तशाही स्थितीत महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने १९३८ साली लातूरला आणि १९४१ साली नांदेड जिल्ह्यात उमरीला भरली, आणि भाषण, सभा व वृत्तपत्र यांच्या स्वातंत्र्याची मागणी तेथून उठली. स्वामी रामानंद तीर्थांनी चालविलेल्या लढ्याचा पायाही नागरी हक्कांचाच होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबादचे राज्य भारतात आले. त्यानंतर अवघ्या ८४ दिवसांनी, १० डिसेंबर १९४८ रोजी, पॅरिस येथे मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. त्याच्या मसुद्यात सर्व पुरुष या अर्थाचे शब्द होते. त्या जागी सर्व मानव असे शब्द यावेत, असा आग्रह भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी धरला आणि तो मान्य झाला. १८४० साली लंडनच्या जागतिक गुलामगिरीविरोधी परिषदेत अमेरिकन स्त्री-प्रतिनिधींना सभागृहात स्थान नाकारण्यात आले होते, आणि निषेध म्हणून गॅरिसन त्यांच्याबरोबर सज्ज्यात जाऊन बसला होता. हे स्मरले, म्हणजे त्या एका शब्दाची किंमत कळते.

२६ जानेवारी १९५० पासून भारताच्या घटनेचे तेविसावे कलम अमलात आले आणि वेठबिगार व सक्तीचे श्रम यांना बंदी झाली. नांदेड-लातूरला कलकत्ता, सातारा आणि मुंबई यांच्याइतकाच, कोठलीही रेघ मध्ये न येता लागू होणारा हा पहिला कायदा. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलनाच्या कायद्याने त्याही पुढचे पाऊल टाकले. बांधलेल्या मजुराच्या अंगावरील कर्जच रद्द झाल्याचे त्याने ठरविले. १८३३ साली भरपाई मालकाला मिळाली होती; येथे देणे मजुराचे सुटले. हा फरक लहान नाही. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने असेही ठरविले, की गरजेपोटी किमान वेतनाहून कमी पैशात करावे लागणारे काम हेदेखील सक्तीचेच होय.

म्हणजे आता रेघ नकाशावर उरलेली नाही. ती कोठे असेल, तर आपल्या दृष्टीत. दसरा-दिवाळीच्या सुमारास कंधार-मुखेडकडून ट्रक भरून माणसे ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या जोडीला तेथे कोयता म्हणतात, आणि मुकादमाकडून घेतलेल्या पैशाला जुनाच शब्द आहे, उचल. त्या प्रत्येकाला गुलाम म्हणणे हे सत्याला धरून होणार नाही. मात्र हंगाम संपूनही ज्याची उचल फिटत नाही, त्याचा हिशेब कोणी ऐकून घेतो काय, हे विचारणे आपले कर्तव्य आहे. ज्या घरात चहात साखर पडते, त्या प्रत्येक घराचे ते कर्तव्य आहे. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना थॉमसनने कापसाबद्दल विचारले होते तेच आपण साखरेबद्दल स्वतःला विचारावे. त्यासाठी त्याच्यासारखा समुद्र ओलांडण्याची गरज नाही. नांदेडची गाडी पुरेशी आहे.